गाडीसाठी बांधलेली शेड

कारंज्याच्या आमच्या घरामागची शेड अजून उभी आहे. एक बल्ली कलली नाही, एक टीन उडालं नाही. त्या घरात बाबांनी हौसेने करवून घेतलेली बाकीची सगळी कामं, म्हणजे मोरी, स्वयंपाकाचा ओटा, वरची खोली, कुठे ना कुठे तडकली, गळली, पुन्हा करावी लागली. ज्या कामासाठी बांधली त्या कामाला जी आली नाही ती शेडच तेवढी ठणठणीत आहे. माहेरी गेले की मी मागच्या दारात पाटावर बसून चहा पिते आणि मुद्दाम तिच्याकडे पाठ करते. लाकडा-टिनावर रागावण्यात अर्थ नाही हे मलाही कळतं. पण ज्यांच्यावर रागवावं त्यांचा फोटो आता हार घालून बैठकीत लावलाय, आणि फोटोशी भांडता येत नाही.

बाबांचं हायवेला लागून खताचं आणि बियाण्याचं दुकान होतं. घर दुकानाच्या मागे, इतकं जवळ की चढावर ट्रकने गिअर बदलला की आमच्या मांडणीवरचे पेले एकमेकांवर वाजायचे. घरात दोन वास कायम असत. एक आईच्या फोडणीचा आणि दुसरा बाबांच्या सदऱ्याला लागून येणारा औषधांचा. पाटवडीचा रस्सा उकळत असला तरी तो दुसरा वास त्याच्यावर चढायचा. दुकानात शेतकरी पोतीच्या पोती न्यायचे, पण भाजीपाला पिकवणारे किलो-दोन किलो सुटं खत मागत. त्यातल्या पोटॅश खतात मोजायला एक प्लॅस्टिकचा डबा असे. एकदा आईने पोत्यावर लोखंडी माप ठेवलं तर बाबा केवढे संतापले होते! "उचल ते आधी. लोखंड खाते हे. काल घेतलेलं माप उद्या भाकरीसारखं मोडून हातात येईन." ही गोष्ट मी इथेच सांगून ठेवते, कारण पुढे तिच्यावाचून काही कळायचं नाही.

आमचा दादा, सुधाकर, आर्वीला आयटीआयला मोटार मेकॅनिक शिकून आला त्या वर्षी बाबांनी फियाट आणली. एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडे ती बरीच वर्षं बंद पडून होती. ट्रॅक्टरला दोर बांधून ती आली, ट्रॅक्टरवर बाबांच्या ओळखीचा माणूस आणि मागे फियाटचं स्टिअरिंग धरून दादा, दोन्ही काचा खाली, केसांत सगळ्या रस्त्याची धूळ. गाडी स्वतःच्या ताकदीने चालत नाही हे त्याच्या चेहऱ्यावरून कुणाला ओळखता आलं नसतं. आईने त्याच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. बाबा अंगणात उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ही गाडी सुद्याची. चालू कर अन् नागपूरच्या फेऱ्या मार. दुकानात बसाची जबरदस्ती नाई." दादाला दुकानाचा तिटकारा होता. तो औषधांचा वास त्याच्या डोक्यात जायचा, गिऱ्हाइकाशी दोन शब्द गोड बोलणं जमायचं नाही. त्याला गाडी हवी होती ती मिरवायला नव्हे, त्या काउंटरच्या पलीकडे जायला. एवढंच त्याचं मागणं होतं आणि ते बाबांनी स्वतःच्या तोंडाने कबूल केलं होतं.

बाबा वाईट नव्हते. हे मी त्यांची मुलगी म्हणून म्हणत नाही, त्यांच्या दुकानातून कुणी रडत गेल्याचं मला आठवत नाही. पण त्यांच्या तोंडी 'आधी' हा एक शब्द होता आणि त्या एका शब्दाने त्यांनी आमचं घर चालवलं. दादाने दुसऱ्याच दिवशी बॉनेट उघडलं तर बाबा म्हणाले, "उघड्यावर इंजिन खोलते का कोनी? धूर, धूळ, पाऊस. आधी शेड बांध." म्हणणं खरंच होतं, म्हणून तर ते टाळता येत नसे. बाबांच्या प्रत्येक 'आधी'ला कारण असायचं.

दादाने शेड स्वतः बांधली. सागाच्या बल्ल्या आणल्या, त्यांचे बूड डांबरात बुडवले, खड्डे खणले, ओळंबा लावून एकेक बल्ली उभी केली. मी कॉलेजातून आले की तो मला टीन धरायला लावायचा आणि वर आढ्यावर बसून हूक आवळताना गाणी म्हणायचा, तीही चुकीच्या चालीत. त्याला सगळं दिसत होतं. इथे हत्यारांची फळी, इथे दिवा, इथे गाडीखाली उतरायचा खड्डा, आणि खाली सगळीकडे सिमेंटची गुळगुळीत फरशी, "सांडलेला नट अंधारात बी हाताले लागला पाह्यजे, शोभे." सिमेंटची पोती ओसरीत येऊन पडलीसुद्धा. मी त्याला पुन्हा कधी इतकं बोलताना ऐकलं नाही.

मग आईची मोरी निघाली. न्हाणीची भिंत फुगली होती, पाणी स्वयंपाकघरात यायचं. "आधी मोरी," बाबा म्हणाले. शेडचं सिमेंट मोरीला गेलं. उरलेल्यात ओटा झाला. शेडची जमीन मुरुमाची राहिली ती राहिलीच, आणि फियाट तिच्यावर चार विटा लावून उभी राहिली. दादाने इंजिन काढून साखळीने टांगलं, तेवढ्यात दिवाळी झाली आणि शेतातला कापूस घरी आला. आमच्याकडे भाव येईपर्यंत कापूस घरात भरून ठेवतात. पूर्वी तो माजघरात भरत, आम्ही त्याच्यावरच झोपायचो आणि सकाळी अंगभर खाजवत उठायचो. आता तर एवढी ऐसपैस, न गळणारी शेड होती. कापूस शेडमध्ये भरला. फियाट काचांपर्यंत त्यात बुडाली, वर फक्त टप दिसायचा. आता तिथे काडी पेटवायची नाही, बॅटरी जोडायची नाही, एक ठिणगी पडली तर सगळं वर्ष गेलं. दादा महिनोन् महिने राखणीला म्हणून त्या कापसावर आडवा होत असे, खाली त्याची गाडी, आणि तिला हात लावायची सोय नाही. बाबा रोज पेपरात भाव पाहत आणि म्हणत, "चढून राह्यला. थोडं थांबू."

कापूस गेला तोवर उन्हाळा लागला आणि दुकानात पेरणीचा माल उतरला. त्या वर्षी माल जास्त झाला. दुकानात जागा उरली नाही म्हणून पोती शेडमध्ये आली. पण शेडची जमीन मुरुमाची, पहिल्या सरीला ओल चढणार. बाकीची पोती फळ्यांवर चढवली, पोटॅशला फळ्या पुरल्या नाहीत. दादा पार्ट शोधायला नागपूरला गेला होता. तो संध्याकाळी परतला तेव्हा गाडीची मागची सीट काढून भिंतीशी उभी केली होती आणि आत सीटच्या जागी पोटॅशची पोती रचलेली होती.

"बाबा, गाडीत काऊन ठेवले?"

"मंग कुठं ठेवू? खाली ओल हाय. गाडी कोरडी हाय, उभीच तर हाय. दोन दिवसांत माल निंगून जाईन."

दादाच्या मनात तेव्हा इंजिनच होतं. कागदात गुंडाळून आणलेली पिस्टनची रिंग त्याने आईला दाखवली, आईने ती बांगडीसारखी बोटांनी फिरवून पाहिली आणि म्हणाली, "जेऊन घे आधी." तिलाही तो शब्द लागला होता. पोती दोन दिवसांनी निघाली नाहीत. तो पावसाळा गेला, पुढच्या पावसाळ्यात तिथेच दुसरी आली. एक पोतं उंदराने फोडलं होतं, त्यातला लालसर चुरा कुणीतरी झाडून काढला. तळाशी गाडीचं काळं डांबरी अस्तर होतं, त्यावर रबराचं पायपुसणं. वरून सगळं जसंच्या तसं दिसायचं.

मधल्या काळात दादाला बुटीबोरीहून बोलावणं आलं. आयटीआयचा त्याचा मित्र तिथल्या कारखान्यात लागला होता. त्याने दुकानासमोरच्या एसटीडीवर फोन करून सांगितलं की जागा आहेत, ये. दादाने पिशवी भरली. मी त्याच्या दोन शर्टांना इस्त्री केली ते मला आठवतं. बाबा पिशवीकडे पाहून अगदी प्रेमाने म्हणाले, "जाजो ना. मी कुठं अडवून राह्यलो? पन आधी गाडी चालू कर. तिच्यातच बसून जाय, लोकं बी पाह्यतीन." दादाने पिशवी रिकामी केली. तो भोळा नव्हता. पण त्याने ती शेड बांधली होती, इंजिनाचा एकेक भाग रॉकेलमध्ये धुतला होता, आणि आता हे सोडून जाणं म्हणजे आजवर केलं ते फुकट गेलं म्हणणं. ते त्याच्याने म्हणवलं नाही. मित्राने आणखी दोनदा फोन केला आणि मग त्याचे फोन बंद झाले. आजही तो प्रसंग आठवला की मला ती रिकामी पिशवी पुन्हा भरून त्याला एसटीत बसवून द्यावंसं वाटतं.

नंतर वरची खोली आली. मला पाहायला लोक येणार होते, त्यांना बसवायला चांगली खोली नको का? खोली बांधायला वर्ष गेलं. मला पाहायला आले त्यांनी त्या खोलीत तर्री-पोहे खाल्ले आणि तिसऱ्याच स्थळाने होकार दिला. माझं लग्न ठरलं आणि दादा एकदम जागा झाल्यासारखा कामाला लागला. "शोभे, तू आपल्याच गाडीत सासरी जाशीन. दुसऱ्याच्या गाडीत मी तुले जाऊ देनार नाई." भारनियमनाच्या दिवसांत वीज यायची तेव्हा तो काम करायचा, जायची तेव्हा पायरीवर थांबायचा. इंजिन बसलं. नवी वायर आली, आतली पोती काढून मागची सीट पुन्हा जागेवर बसली. बाहेरून त्याने गाडीला दुधी रंग दिला, एकेक हात वाळू देत. आईने केळझरच्या गणपतीला नवस बोलला की गाडी सुरू झाली की देवळापाशी गोवऱ्यांवर रोडगे भाजून जेवण घालीन. मला त्या दिवसांत माझ्या लग्नापेक्षा गाडीचीच काळजी जास्त होती. नवरा तर ठरला होता, तो काही बंद पडणार नव्हता.

ती सकाळ लग्नाच्या आठवड्यातली. मांडवाचे बांबू येऊन पडले होते. दादाने आंघोळ करून पांढरा शर्ट घातला होता. आईने बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. बाबा कडक धोतर-टोपीत आले आणि दादाने त्यांच्यासाठी मागचं दार उघडून धरलं. मालकाने मागे बसायचं. ते ऐटीत बसले. दादाने किल्ली फिरवली. इंजिन एकदा खोकललं, दुसऱ्यांदा खोकललं आणि लागलं. खरंच लागलं. असा बारीक, एकसारखा आवाज की मांडवाचे बांबू उतरवणारी माणसं थांबून पाहू लागली. आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. लिंबं चिरडली, गाडी शेडमधून बाहेर आली, अंगणातून फाटकाकडे निघाली. फाटकाच्या उंबऱ्यावर मागची चाकं एवढीशी उडाली.

आणि मला बाबांचे पाय दिसले. गाडीच्या पोटाखाली, चपलांसकट, जमिनीवर. तळ गेला होता, सीट पुढून खचली होती आणि बाबा बसल्या बसल्या गाडीबरोबर चालत होते. दोन्ही हातांनी पुढची सीट धरून, टोपी डोळ्यांवर. मी हसले. आई हसली. आम्हाला आवरेचना, बांबूवाले पोट धरून खाली बसले. दादाने आरशात आम्हाला पाहिलं. त्याला वाटलं आम्ही आनंदाने हसतोय. तोही हसला, मोकळा, दात दाखवून, त्याने दोनदा भोंगा वाजवला आणि गाडी तशीच पुढे नेली. बाबा ओरडले तेव्हा तो थांबला. त्याचं ते हसू मी पाहिलं नसतं तर बरं झालं असतं.

नंतरचं सगळं फार शांतपणे झालं. बाबांना काही लागलं नव्हतं. दादा गाडीखाली शिरला आणि बराच वेळ तिथे राहिला. आतून पत्रा तुटल्याचा आवाज यायचा, नुसत्या हातानेच मोडत होता तो. फियाटला वेगळा सांगाडा नसतो, पत्रा हाच तिचा सांगाडा. तळ गेला, कडा गेल्या, मागच्या स्प्रिंगचे पाटे जिथे धरतात तिथलं लोखंडसुद्धा पापुद्र्यांनी सुटत होतं. बाबांच्या पायांनी फाटलं ते सोडून डांबराचं अस्तर तेवढं वर तसंच होतं. हायवेवरच्या वेल्डरला बोलावलं. तो वाकून पाहून म्हणाला, "जोडाचं कायले? धराले तर काही पाह्यजे." आणि चहा न घेता गेला. दादा बाहेर आला तेव्हा पांढरा शर्ट गंजाने माखला होता. त्याने मूठ उघडून बाबांच्या पुढे धरली. तळहातावर गंजाचा चुरा होता आणि त्यात ओलसर, लालसर खडे.

"बाबा, हे काय हाय?"

जन्मभर ज्यांनी ते तोललं ते बाबा त्या खड्यांकडे पाहत राहिले. मी त्यांच्या बाजूलाच उभी होते. त्यांना कळलं हे मला कळलं, आईला कळलं, आणि दादाला तर आधीच कळलं होतं.

"ओल लागली असन," बाबा म्हणाले.

"हव," दादा म्हणाला. त्याने हात झटकला आणि नळाकडे गेला. एवढंच. त्या घरात त्यावर पुन्हा कधी कुणी बोललं नाही. बाबांनी 'चुकलं' म्हटलं असतं तर दादा भांडला असता, आदळआपट केली असती, रागाच्या भरात बुटीबोरीची गाडी तरी पकडली असती. त्या तीन शब्दांनी त्याला भांडायलासुद्धा काही ठेवलं नाही.

दोन दिवसांनी आईने रोडग्यांचं पीठ बांधलं. मी म्हटलं, "आई, आता कायचा नवस?" ती म्हणाली, "मी गाडी चालू हू दे म्हटलं होतं. चालू झाली. देवाचं काम देवानं केलं." आम्ही एसटीने केळझरला गेलो. दादाने गोवऱ्यांचं पोतं टपावर चढवलं, तिथे खाली उतरवलं, गोवऱ्यांचा आर पेटवला, रोडगे उलटवले, वरण-वांग्याच्या पंगतीला वाढलं. सगळ्यांना आग्रह केला. स्वतः एक रोडगा हातात घेऊन फोडला आणि तसाच पानात ठेवून दिला. मी भाड्याच्या जीपमध्ये बसून सासरी गेले. निरोपाच्या वेळी दादाने जीपचं दार लावलं, नीट लागलंय ना म्हणून दोनदा ओढून पाहिलं, आणि माझ्याकडे न पाहता बाजूला झाला. मी रडत होते ते माहेर सुटलं म्हणून, असं सगळ्यांना वाटलं.

फियाट त्या पावसाळ्याअखेर भंगारात गेली. दिवाळीनंतर दादा दुकानात बसू लागला. कुणी बस म्हटलं नाही. पुढे त्याचं लग्न झालं, हायवे रुंद झाला, बाबा गेले, मग आईही गेली. दादा दुकान चांगलं चालवतो असं गावात म्हणतात. त्याच्या सदऱ्याला तोच वास येतो. गाडी त्याने पुन्हा घेतली नाही, माल आणायला टेम्पो सांगतो आणि ड्रायव्हरशेजारी हात मांडीवर ठेवून बसतो.

मागच्या उन्हाळ्यात मी आमची गाडी घेऊन एकटीच कारंज्याला गेले. मला संध्याकाळपर्यंत परतायचं होतं. दादा काउंटरवरून उठून बाहेर आला, गाडीभोवती एक चक्कर मारली, आरसा उगाच पुसला. "उन्हात नको लावू, रंग जाते. मांगं शेडमंधी घे." शेडमध्ये गोदाम आहे, अर्धी जागा मोकळी होती. मी गाडी आत घेतली, उतरले, वहिनीने आतून चहाला हाक मारली. दादा आला नाही म्हणून मागे वळून पाहिलं तर तो भिंतीशी रचलेली पोती उचलत होता. एकेक पोतं कमरेशी घेऊन, धापा टाकत, शेडच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवत होता. कंबर धरून मध्येच थांबायचा आणि पुन्हा वाकायचा. पोत्यांवर पोटॅशचा शिक्का होता.

"दादा, राहू दे ना. मी तासाभरात निघून राह्यली. एका तासानं काय होते?"

त्याने पुढचं पोतं उचललं.

"होते," दादा म्हणाला.

वहिनीचा चहा निवून गेला. मी पदर खोचला आणि पोत्याचं दुसरं टोक धरलं.